कावळा बसला आणि फांदी मोडली

परवा सोमवारी आमच्या गावचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी ठरलेलीच. दुपारी एकच्या सुमारास एक तिशी-पस्तिशीचा तरुण आपल्या आईला घेऊन आला. मावशी सकाळी मोरीत घसरल्या होत्या. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडले. हात गळ्यात बांधलेला, बोटे सुजलेली, आणि मुलाच्या हातात एक्स-रेचे पाकीट.

मी पाकीट उघडणार तोच तो म्हणाला, "डॉक्टर, दोन ठिकाणी दाखवून आलोय. एक म्हणतात, हाड बाहेरूनच जागेवर बसवू, बारीक तारा घालू आणि वरून प्लास्टर. दुसरे म्हणतात, चीर देऊन प्लेट बसवावी लागेल. खर्चात तिपटीचा फरक आहे. पैशाचं बघता येईल, सोसायटीचं कर्ज काढतो. पण चांगलं काय, ते तुम्ही सांगा."

मी काही हाडांचा तज्ज्ञ नाही. चाळीस वर्षे या तालुक्याच्या गावी सर्दी-खोकला, ताप, विंचू, बाळंतपणे बघत आलेला साधा डॉक्टर. पण हा प्रश्न माझ्या टेबलासमोर आठवड्यातून दोनदा तरी येतो. कधी मनगट असते, कधी गुडघा, कधी कंबर. दोन डॉक्टर दोन मते देतात आणि घरची माणसे मधल्या मध्ये अडकतात. बऱ्याचदा महाग तेच चांगले असणार असे धरून चालतात आणि कर्ज काढतात. एक उपचार दुसऱ्यापेक्षा चांगला आहे हे ठरते तरी कसे, ते कोण ठरवते, यावर आज चार शब्द लिहावेत असे वाटले.

गुण आला म्हणजे काय?

आपल्याकडे उपचाराची पारख एकाच मापाने होते. "गुण आला का?" शेजारच्या वहिनींना आला, मेहुण्याच्या सासऱ्यांना आला, म्हणजे आपल्यालाही येणार. हे माप वाईट नाही, पण फार अपुरे आहे.

हाडवैद्याचेच उदाहरण घ्या. प्रत्येक तालुक्यात असा एखादा तरी नावाजलेला माणूस असतो. त्याच्याकडे बरे झालेले लोक गावात हिंडतात, पारावर बसून त्याचे गुण गातात. ज्यांचा हात आवळून बांधल्यामुळे काळानिळा पडला, ते जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात असतात. ते पारावर येऊन बोलत नाहीत. ऐकणाऱ्याला एकच बाजू ऐकू येते. आम्ही डॉक्टरही यातून सुटलेलो नाही. माझ्या औषधाने बरा झालेला रुग्ण पेढे घेऊन माझ्याकडे येतो. बरा न झालेला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि मला वाटत राहते की माझा हात सगळ्यांनाच लागू पडतो.

दुसरी गोष्ट अशी, की शरीर स्वतःच बरेच काही बरे करते. गळ्याजवळचे हाड, बरगडी, जागेवरून न हललेले मोड, ही पुष्कळदा नुसत्या आधाराने जुळतात. त्या काळात जो कोणी लेप लावेल, त्याचे नाव होते. तिसरी गोष्ट दुखण्याच्या चढउताराची. गुडघा, कंबर, मान यांचे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. माणूस डॉक्टरकडे येतो तो भरतीच्या दिवशी. त्यानंतर ओहोटी लागायचीच असते, मग गोळी घ्या, सुई घ्या किंवा ऑपरेशन करा. चौथी गोष्ट मनाची. कोणी आपल्याकडे लक्ष दिले, मोठ्या दवाखान्यात नेले, पैसे खर्च केले, की दुखणे खरोखरच कमी भासते. यात ढोंग नसते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, हे आपण रोज म्हणतो. उपचाराच्या बाबतीत मात्र फांदी कावळ्यानेच मोडली असे शपथेवर सांगतो.

चिठ्ठी टाकून तुलना

मग फांदी कशाने मोडली हे कळावे कसे? त्याला एकच सरळ उपाय आहे, तुलना. आणि तुलना करायची तर ती सारख्याला सारखे धरून केली पाहिजे.

१७४७ साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने ब्रिटिश आरमाराच्या एका जहाजावर, हिरड्या सडणाऱ्या स्कर्व्ही रोगाचे बारा खलाशी घेतले. दोघा-दोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे खाणारी जोडी सगळ्यांत आधी उठून बसली. तरी आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडले. चांगली तुलना होणे एक आणि ती गळी उतरणे दुसरे, हे तेव्हापासूनचे आहे.

पुढे या तुलनेत एक महत्त्वाची भर पडली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे. का? तर डॉक्टरच्या हातात निवड दिली की तो नकळत तगड्या रुग्णांना नवा उपचार देतो आणि खंगलेल्यांना जुना. मग नवा जिंकणारच. चिठ्ठी टाकली की तगडे आणि खंगलेले, तरुण आणि म्हातारे, दोन्ही गटांत आपोआप सारखे वाटले जातात. फरक उरतो तो उपचाराचाच. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी तुलना प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी चार दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी चौदा. यावर वाद घालायला जागा राहिली नाही.

आपल्या देशातलेही एक उदाहरण सांगतो, कारण त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. जुन्या वाचकांना आठवत असेल, एके काळी क्षय झाला की माणसाला सॅनिटोरियममध्ये ठेवत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव घराघरांत माहीत होते. चांगली हवा, सकस जेवण, महिनोन् महिने विश्रांती. ज्याला परवडत नाही किंवा ज्याला खाट मिळत नाही, त्याने काय करायचे? १९५६ साली मद्रासमध्ये याची तुलना सुरू झाली. १९३ रुग्णांना चिठ्ठ्यांप्रमाणे दोन गटांत वाटले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या दाटीच्या, गरिबीच्या घरांत. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निकाल आला. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरातल्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. साऱ्या जगाने क्षयाचे उपचार घरी द्यायला सुरुवात केली, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. गरिबाच्या घरातली खाट कमी नाही, हे दयेपोटी नव्हे तर पुराव्याने सिद्ध झाले.

माझ्या हातून झालेली चूक

आता हाडांकडे येतो, आणि आधी स्वतःची कबुली देतो.

१९९९ सालची गोष्ट. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक माझ्याकडे गुडघेदुखीसाठी येत. वय साठीचे, गुडघे झिजलेले. त्या काळी दुर्बिणीतून गुडघा आतून धुऊन, खरवडून साफ करण्याचे ऑपरेशन नवे होते. मी ऐकले होते, दोन-चार रुग्ण बरे झालेले पाहिलेही होते. मी त्यांना शहरात पाठवले. त्यांनी दुभती म्हैस विकून पैसे उभे केले. ऑपरेशननंतर पाच-सहा महिने ते खुशीत होते. देवळाच्या पायऱ्या चढून दाखवत. मी त्यांचे उदाहरण इतरांना देत असे, आणि ते ऐकून आणखी काही जण गेले. वर्षभराने त्यांचा गुडघा होता तिथेच आला. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. "वयच झालं, डॉक्टर," एवढेच म्हणाले.

२००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉक्टर मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ऑपरेशनची तुलना प्रसिद्ध केली. झिजलेल्या गुडघ्याचे १८० रुग्ण. चिठ्ठीने तीन गट केले. एका गटाचा गुडघा खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्या गटाला गुंगीचे औषध देऊन, कातडीला लहान चिरा देऊन, आत काहीही न करता टाके घातले. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते आणि नंतर त्यांचे दुखणे मोजणाऱ्यांनाही माहीत नव्हते. दोन वर्षे पाठपुरावा केला. खोटे ऑपरेशन झालेल्यांपेक्षा खऱ्या ऑपरेशनवाल्यांचे दुखणे कोणत्याही टप्प्यावर कमी निघाले नाही.

आमच्या डॉक्टर मंडळींच्या मासिक सभेत हे कोणीतरी वाचून दाखवले तेव्हा, खरे सांगतो, मला राग आला. रुग्णाला खोटे ऑपरेशन? ही कसली रीत? पण त्या रुग्णांना आधी सगळे समजावले होते, आपल्याला खोटे ऑपरेशन मिळू शकते हे मान्य असल्याचे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले होते, आणि ज्यांना हे पटले नाही अशा बऱ्याच जणांनी नकारही दिला होता. रात्री घरी आल्यावर विचार केला, मी त्या वाहकांना काय सांगितले होते? "नक्की गुण येईल" असे सांगितले होते. खरे बोलणारा कोण आणि फसवणारा कोण, हे मग मलाच कळेना.

एका अभ्यासावर विसंबू नये म्हणून पुढचेही सांगतो. मोझलींचे रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष, माजी सैनिक होते, असा आक्षेप लोकांनी घेतला आणि तो रास्त होता. मग २००८ साली कॅनडातून वेगळ्या पद्धतीने तुलना झाली. तिथे एका गटाला ऑपरेशनबरोबर व्यायाम आणि औषधे, दुसऱ्याला नुसते व्यायाम आणि औषधे दिली. उत्तर तेच आले. २०१३ साली फिनलंडमध्ये, गुडघ्यातली गादी वयोमानाने फाटलेल्या १४६ रुग्णांवर खरे आणि खोटे ऑपरेशन यांची तुलना झाली. वर्षाअखेर फरक नाही. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट सल्ला दिला की वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यासाठी हे दुर्बिणीचे ऑपरेशन जवळपास कोणालाच करू नये. इतकी वर्षे लागली. तोवर किती म्हशी विकल्या गेल्या असतील त्याचा हिशेब कोणाकडे नाही.

मनगटाचे काय?

आता त्या मावशींच्या मनगटाकडे वळू. नेमक्या याच प्रश्नाची तुलना ब्रिटनमध्ये झाली आणि तिचा निकाल २०१४ साली आला. मनगटाजवळ हाड मोडून मागे सरकलेले ४६१ प्रौढ रुग्ण. चिठ्ठीने निम्म्यांना तारा, निम्म्यांना प्लेट. वर्षभराने त्यांना विचारले ते हाताच्या कामाबद्दल. दुखते का? दार उघडता येते का? वजन उचलता येते का? दोन्ही गट सारखेच निघाले. प्लेटचा खर्च मात्र जास्त.

इथे एक मेख आहे. एक्स-रेच्या फिल्मवर प्लेट फार देखणी दिसते, सुताराने सांधा बसवावा तशी. पण माणूस एक्स-रेने भाकरी थापत नाही, हाताने थापतो. म्हणून तुलना करताना काय मोजले हे बघावे लागते. डॉक्टरला जे देखणे वाटते ते, की रुग्णाला जे हवे ते?

मग तारासुद्धा हव्यात का? नुसते प्लास्टर का नको? हाही प्रश्न त्याच लोकांनी पुढे विचारला. २०२२ साली ५०० रुग्णांचा निकाल आला. हाड बसवल्यावर काहींना तारा घातल्या, काहींना नुसते नीट घडवलेले प्लास्टर केले. वर्षाअखेर हाताच्या कामात फरक नव्हता. पण प्लास्टरवाल्यांपैकी शंभरात तेरा जणांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकले आणि त्यांना ऑपरेशन करावे लागले. तारांच्या गटात असा एकच निघाला. म्हणजे बघा, दोन्हींचा शेवट सारखा, पण वाट वेगळी. कोणाला आठात सात वेळा ऑपरेशन टळण्याची शक्यता मोलाची वाटेल, कोणाला पुन्हा भूल घेण्याची धास्ती वाटेल. इथे निर्णय रुग्णाचा. चांगल्या तुलनेमुळे असा सौदा पारदर्शक होतो.

खांद्याजवळ दंडाचे हाड मोडलेल्या २५० रुग्णांचा निकाल २०१५ साली आला. ऑपरेशन केलेले आणि हात गळ्यात अडकवून नंतर व्यायाम केलेले, दोन वर्षांनी सारखेच होते.

संगणकवाल्यांचे दुखणेही तेच

माझी पुतणी पुण्यात संगणकशास्त्रात संशोधन करते. दिवाळीत आली तेव्हा तिने मला तिचे काम समजावले. रुग्णालयात, बँकेत, कारखान्यात प्रत्येक कामाची नोंद आता संगणकात आपोआप होते. केस पेपर काढला, रक्त तपासले, एक्स-रे झाला, दाखल केले, घरी सोडले. या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते, याचा नकाशा संगणक काढतो. पण रुग्णालयातला प्रत्येक रुग्ण वेगळ्या वाटेने जातो. त्यामुळे नकाशा म्हणजे नुसता शेवयांचा गुंता होतो. म्हणून आधी सारख्या वाटांनी गेलेल्या रुग्णांचे गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटाचा नकाशा काढायचा.

"गट पाडायच्या पद्धती ढीगभर आहेत, काका," ती म्हणाली. "प्रत्येक जण आपली पद्धत सरस म्हणतो. पण प्रत्येकाने नोंदी आपल्या आपण निवडलेल्या आणि माप आपल्या सोयीचे. मग कोण सरस हे कळायचे कसे?"

मला हसू आले. हा तर आमच्याच धंद्यातला रोग. तिने सांगितले की नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयाच्या अकराशेहून अधिक रुग्णांच्या, सुमारे दीड लाख नोंदी २०११ साली सगळ्या संशोधकांसाठी खुल्या केल्या. नावे-गावे काढून टाकलेली. त्यामुळे सगळ्यांना एकाच आखाड्यात उतरता आले. पण तिथेही माप कोणते लावायचे हा वाद आहेच, कारण माणसांचे खरे गट कोणते याचे उत्तर आधीपासून कोणालाच माहीत नसते. आमच्याकडे निदान रुग्ण स्वतः सांगतो की दुखते की नाही.

हाडांचे डॉक्टर आणि संगणकवाले, दोघांचे शास्त्र निराळे, पण तुलनेचा कायदा एकच. आखाडा एक असावा. माप कुस्ती लागण्याआधी ठरलेले असावे. आणि पंच पैलवानाचा मामा नसावा.

आपल्याकडे यातले एक पाऊल उचलले गेले आहे. भारतात रुग्णांवरच्या अशा चाचण्यांची आधी नोंदणी करण्याची सोय २००७ साली झाली आणि औषधांच्या चाचण्यांना २००९ पासून ती सक्तीची झाली. कोणती तुलना करणार, काय मोजणार, हे आधी लिहून द्यायचे. निकाल लागल्यावर मग माप बदलता येत नाही.

मग ऑपरेशन करूच नये का?

हे वाचून कोणी उद्याचे ऑपरेशन रद्द करून घरी बसेल, याची मला धास्ती आहे. म्हणून स्पष्ट लिहितो.

म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर त्याला घरी झोपवून लेप लावत बसू नका. ऑपरेशन लवकर झाले पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो आणि माणूस हातचा जातो. हाड कातडीबाहेर आले असेल, बोटे गार किंवा बधिर पडली असतील, तर चर्चा न करता थेट रुग्णालय गाठा. तिथे तुलनेची वाट बघायची नसते.

सांधा पार झिजला असेल तर तो बदलण्याचे ऑपरेशन तुलनेत टिकले आहे. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर चिठ्ठीने तुलना झाली, निकाल २०१५ साली आला. व्यायाम, वजन, औषधे दोन्ही गटांना. एका गटाचा गुडघा बदललाही. वर्षाअखेर गुडघा बदललेल्यांचे दुखणे स्पष्टपणे जास्त कमी झाले. मात्र गंभीर त्रासही त्याच गटात जास्त झाले. आणि दुसरी बाजू अशी, की ऑपरेशनविना ठेवलेल्यांपैकी साधारण पाऊण जणांना वर्षभरात ऑपरेशन करावेसे वाटले नाही. म्हणजे आधी व्यायाम करून पाहण्यात तोटा नाही, आणि नाहीच भागले तर ऑपरेशन आहेच.

मनगटाचा निकालही सरसकट सगळ्यांना लावू नका. त्या तुलनेत ज्यांचे हाड बाहेरून जागेवर बसवता येत होते असेच रुग्ण घेतले होते. ज्याच्या सांध्याचा चुरा झाला आहे, जो मोड बाहेरून बसतच नाही, त्याला प्लेटच लागेल. म्हणून आपला रुग्ण त्या तुलनेतल्या रुग्णांसारखा आहे का, हे तज्ज्ञालाच विचारावे लागते.

आपल्या जिल्ह्याची वही

माझी एक मागणी आहे. स्वीडनमध्ये बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची नोंद १९७५ पासून एका वहीत होते. पुढे इतर देशांनी तसेच केले. अशा वहीचा उपयोग काय? धातूवर धातू घासणारा एक खुब्याचा सांधा २०१० साली जगभरातून परत बोलावला गेला. तो लवकर निकामी होतो हे ऑस्ट्रेलियाच्या वहीत त्याआधीच दिसले होते. आपल्या देशातही तो हजारो रुग्णांना बसवला होता आणि त्यातल्या अनेकांचा पत्ता नंतर लागेना, कारण वहीच नव्हती.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला किती मनगटे मोडतात, कोणाला प्लेट बसते, कोणाला तारा, आणि वर्षभराने त्यांचे हात कसे चालतात, हे आज कोणी सांगू शकत नाही. जिल्हा रुग्णालय आणि खासगी अस्थिरोगतज्ज्ञ यांनी मिळून साधी वही ठेवली तरी पाच वर्षांत पुष्कळ कळेल. नुसत्या वहीने चिठ्ठीच्या तुलनेची जागा भरून निघणार नाही, पण अंधारात चाचपडण्यापेक्षा कंदील बरा. यासाठी यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. एक वही, एक पेन आणि वर्षभराने केलेला एक फोन पुरतो.

आपण काय विचारावे?

वाचकहो, डॉक्टरवर अविश्वास दाखवू नका, पण प्रश्न विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर प्रश्नाने रागावत नाही. एवढे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. हे ऑपरेशन कशापेक्षा चांगले आहे? साध्या उपायाशी त्याची तुलना झाली आहे का?

२. काहीच केले नाही, नुसती वाट पाहिली, तर काय होईल?

३. वर्षभराने माझ्या रोजच्या कामात किती फरक पडेल? फिल्ममध्ये नव्हे, हातात आणि पायात.

४. यातून कोणते त्रास होऊ शकतात, आणि शंभरात साधारण किती जणांना होतात?

५. ज्या रुग्णांवर हे पाहिले गेले, त्यांच्यासारखी माझी परिस्थिती आहे का?

त्या मावशींच्या मुलाला मी हेच प्रश्न लिहून दिले आणि ज्यांनी प्लेट सांगितली होती त्याच डॉक्टरांकडे परत पाठवले. त्यांना फोनही केला. त्यांनी एक्स-रे पुन्हा नीट पाहिला आणि मोकळ्या मनाने म्हणाले, "बाहेरून बसवून बघू. बसलं तर तारा पुरतील, नाही बसलं तर प्लेट." हाड बसले. तारा घातल्या. सोसायटीचे कर्ज काढावे लागले नाही. आता सहा आठवड्यांनी तारा निघतील आणि मग बोटांचा, मनगटाचा व्यायाम चिकाटीने करावा लागेल. तो चुकवला तर तारा काय आणि प्लेट काय, हात आखडायचाच.

मावशींचा हात बरा झाला, तर गावात सांगत सुटू नका की तारांनीच गुण आला. एका मनगटावरून काही सिद्ध होत नाही. ज्या ४६१ मनगटांची तुलना झाली, त्यांच्या भरवशावर मी त्या मुलाला सल्ला दिला. आणि त्या वाहकांच्या एका गुडघ्याच्या भरवशावर मी पूर्वी सल्ले देत होतो, हे मी विसरलेलो नाही.